पोळा नसताना रंगवलेली बस

जळगाव–धुळे मार्गावर एका खाजगी कंपनीची बस गिरधरनानांनी चौदा वर्षं चालवली. गाडी एकच. तिचा दुसरा गियर नुसत्या हाताने पडत नसे. नाना आधी त्याला दोन समजुतीचे शब्द सांगत, मग तो पडे. पावसात छत नेमकं तेरा नंबरच्या सीटवर गळे, आणि नेहमीचे प्रवासी नवख्याला मोठ्या प्रेमाने तिथे बसवत.

मार्चमध्ये गाडी मार्गावरून कायमची निघणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. मालक प्रेमराजशेठ नव्या गाड्यांवर नवेच ड्रायव्हर घेत होते, त्यामुळे तिच्याबरोबर नानाही घरी जाणार. आणि जानेवारीत शेठ अचानक म्हणाले, गाडी रंगवून घ्या.

एरंडोलच्या चहाच्या टपरीवर यावरून वाद पेटला. एकाचं म्हणणं, निघालेल्या गाडीला रंग कशाला, तेवढ्या पैशात ब्रेक नवे होतील. दुसरा म्हणाला, प्रवाशाला ब्रेक दिसत नाहीत, रंग दिसतो. नानांनी निकाल दिला की जाणाऱ्याला कोणी नवं कापड घेत नाही, म्हणजे गाडी जात नाही. जाणाऱ्यालाही शेवटी नवं कापड लागतंच, हे कोणी बोललं नाही. चहा नानांकडून होता.

त्यांनी शेठला विचारूनही घेतलं होतं.

"काळजी कशाला करता नाना? गाडी आहे तोवर तुम्ही आहात."

मग काय, चार दिवस सुट्टीचे घालून नानांनी पेंटरबरोबर स्वतः पॉलिशपेपर घासला. हिरवा रंग, पिवळे पट्टे. मागे, नंबरप्लेटच्या वर, छोट्या अक्षरांत 'सुगंधा' लिहून घेतलं. ज्यांचं नाव लिहिलं त्या सुगंधाबाईंनी नवऱ्याचे हिरवे झालेले हात पाहिले आणि भाकरी थापता थापता विचारलं, "पोळा तर कधीच झाला. आता शिंगं कोणाची रंगवताय?"

नाना चिडले. घरचा पवळ्या बैल म्हातारा झाला तेव्हा नानांनीच त्याच्या शिंगांना हिंगूळ लावून त्याला धुळ्याच्या बाजारात उभा केला होता, आणि गिऱ्हाइकाला म्हणाले होते, जवान आहे. पण बैलाची गोष्ट वेगळी. शेठच्या घरात कधी गोठा नव्हता, त्याला हे कुठून सुचणार, असं म्हणून ते जेवले.

आठवड्याने शेठचा फोन आला. गाडी धुळ्याच्या अभिमनभाऊंना पोचवा, लग्नाच्या वऱ्हाडांसाठी घेताहेत. त्यांनी विचारलं तर सांगा, लोण्यासारखी चालते. तुम्ही चौदा वर्षं चालवलीय, तुमच्या शब्दावर घेतील. आणि येताना एस.टी.ने या.

नाना हो म्हणाले. त्या दिवशी पारोळ्यापर्यंत ते दुसऱ्या गियरशी एक शब्द बोलले नाहीत. गियरही पडला नाही.

अभिमनभाऊंनी गाडीभोवती दोन फेऱ्या घातल्या, पत्र्यावर हात फिरवला आणि ड्रायव्हरलाच खानदेशी बोलीत विचारलं, "नाना, खरं सांगा. गाडी कशी शे?"

नानांनी हिरव्या पत्र्यावर बोट टेकवलं.

"रंग नवा शे, भाऊ. बाकी बठ्ठं जुनं शे."

"मग रंगवली कशाला?"

"मला वाटलं, ठेवायला."

सौदा तिथेच मोडला. शेठ फोनवर जे बोलले ते नानांनी कोणालाच सांगितलं नाही. गाडी आणून लाव आणि किल्ली ठेवून जा, एवढंच शेवटचं वाक्य सांगतात. चौदा वर्षांत शेठ पहिल्यांदा अरे-तुरेवर आले होते.

रिकामी गाडी घेऊन नाना परत निघाले. एरंडोलच्या फाट्यावर चार-पाच बायाबापड्यांनी हात केला. नानांनी गाडी थांबवली. तिकीट फाडायला कंडक्टर नव्हता, म्हणून फाडलं नाही. एक म्हातारी दांडा धरून चढता चढता म्हणाली, "नाना, नवी गाडी घेतली का शेठनं?"

"बस अक्का, आपलीच आहे," नाना म्हणाले. "फक्त तेरा नंबरवर नको बसू."