घुबडाचा पत्ता

आमच्या चाकणच्या कंपनीच्या बसमध्ये आकुर्डीला एक गृहस्थ चढतात. नाव विचारायचं राहूनच गेलंय. ते कॅमेऱ्याची काच रुमालानं पुसत बसतात. त्यांनी इंटरनेटवर टाकलेले घुबडाच्या पिल्लांचे फोटो अख्ख्या बसनं मोबाइलवर पाहिलेत.

“का हो, कॅमेऱ्याला जीपीएस जोडण्यात अर्थ आहे का?” मी विचारलं.

“आहे की. फोटोत जागेची नोंद होते. ती बघून लोक घरट्याखाली गर्दी करायचे. आता जीपीएसची डबी थेरगावात ठेवतो, मेव्हण्याच्या भाजीच्या गाळ्यावर. फोटो भलतीकडंच काढतो आणि घरी कॉम्प्युटरवर त्यांना डबीतली जागा जोडतो.”

रविवारीच मी दुर्बीण घेऊन थेरगावच्या मंडईची छपरं न्याहाळत होतो. तेव्हा एका गाळेवाल्यानं न विचारताच सांगितलं होतं, “घुबड न्हाई आज. मेथी हाय, ताजी.”