नाकाची नोकरी

पुण्याला समुद्र नाही, याचं मांजरी गावातल्या त्या कोळंबी कंपनीला काहीच वाटत नव्हतं. बर्फात घातलेला माल ट्रकनं यायचा आणि पांढऱ्या टोप्या घातलेल्या चाळीस बाया दिवसभर उभ्यानं तो सोलायच्या. त्यांत कमरजहां अकरा वर्षांची जुनी. कोळंबीच्या पाठीतला काळा दोरा ती एका झटक्यात ओढायची. क्रेट उघडला की नुसत्या वासावर सांगायची, "हा माल गेला." कागदावर मात्र ती मदतनीस. कुणाची मदतनीस, ते अकरा वर्षांत कुणी सांगितलं नाही.

यंदा तपासनीसाची जागा निघाली. ही तरी आपली, असं तिला मनापासून वाटलं. तिनं अर्ज केला. मॅनेजर वरदसाहेब गोड हसून म्हणाले, "मावशी, त्याला डिग्री लागते हो." बाईला मावशी म्हटलं की तिच्याकडून काहीही करून घेता येतं, एवढी अक्कल या लोकांना बरोबर असते!

जागा मिळाली सलोनीला. पोरगी गुणाची, पण घरात अंडंसुद्धा न शिजलेलं. नाकाला बाम चोळून, वर दोन मास्क लावून ही मासळीचा वास तपासणार. धन्य! रोज हळूच यायची, "काकू, जरा बघता का?" काकू बघायच्या आणि सही सलोनी करायची. कमरजहांचा नुसता जळफळाट व्हायचा.

एका सोमवारी मोठ्या गिऱ्हाईकाची माणसं आली. त्यांच्यासमोर क्रेट उघडला. सलोनी सवयीनं मागे वळली, "काकू..."

कमरजहांनं शांतपणे हात पुसले. "मी मदतनीस. वास घेणं आमच्या कामात बसत नाही."

पाहुणे वरदसाहेबांकडे बघायला लागले. साहेबांचा चेहरा पडला. "अहो, चेष्टा करतायत. या आमच्या तपासनीसच आहेत!"

"असं होय? मग तेवढं लिहून द्या."

पाहुण्यांसमोर नाही कसं म्हणणार? लिहिलं, शिक्का मारला. कमरजहांनं कागद दोनदा वाचला. डोळे भरून आले होते, पण ते यांना कशाला दाखवायचे? घडी घालून तिनं तो ॲप्रनखाली ठेवला, मास्क खाली ओढला आणि क्रेटवर वाकली.

आता मावशी आपली लाज राखणार म्हणून साहेब हसत उभे होते.

"गेलाय माल. परत पाठवा," ती म्हणाली. "आणि साहेब, मी सही कुठे करायची?"