हात वर कर, बाई

परवा ब्लाउजचं माप द्यायला गेले. टेलर म्हणाला, "ताई, हात वर करा जरा." आणि माझे हात काही वर जाईनात. तो बिचारा टेप धरून उभा. शेवटी म्हटलं, "जुना ब्लाउज पाठवते, त्याच्यावरून शीव," आणि घरी आले. बाईला वेड लागलंय म्हणाला असेल. म्हणू दे. त्यानं माझ्या आत्याचं दुकान पाहिलेलं नाही.

आत्या तरुणपणी कपड्यांच्या कारखान्यात शिवायला म्हणून परदेशी गेली आणि तिथल्याच एका काठीबहाद्दराशी लग्न करून बसली. आमच्या घरात तेव्हा आभाळ कोसळलं होतं. पुढे सगळे गप्प झाले, कारण भांडायला माणूस समोर लागतं. तिकडे काठीच्या लढतीला फार मान. दोन गडी, हातात एकेक वेताची काठी, अंगात कापूस भरलेली बंडी, डोकं उघडं. जो पडून उठणार नाही तो हरला. आतोबा दर वेळी उठले आणि डावा कान घालवून बसले. समोरच्याच्या उजव्या हातातली काठी डाव्या कानावरच येते. म्हणून आत्याचं मशीन त्यांच्या उजव्या अंगाला. शिवता शिवता नवऱ्याशी बोलायचं तर दुसरी सोय नाही.

गेल्या वर्षी तिच्याकडे राहायला गेले, तर घरातल्याच शिलाईच्या दुकानात, इस्त्रीच्या टेबलावर एक लाल झगा. वीतभर. फुग्याच्या बाह्या, गळ्याला लेस, आणि शिवण सगळी बाहेरून.

"आत्या, म्हातारचळ लागला की काय? उलटा शिवलायस."

"उलटा नाही. थांब, मालकीण येईलच."

झग्याला मागे एक भोक होतं, काजं करतात तसं कडेनं दोरा भरलेलं. ते कशासाठी, हे मालकीण आल्यावर कळलं. मालकीण म्हणजे माकडीण. गळ्यात साखळी, साखळीच्या टोकाला माकडवाला. ती टुणकन टेबलावर चढली आणि कोणी काही सांगायच्या आत दोन्ही हात वर करून उभी राहिली. आत्यानं टेप लावला. "वळ गं बाई." वळली! माझी हसून हसून पुरेवाट झाली. मग तिच्या काखेकडे लक्ष गेलं. केस झडलेले, कातडी लालभडक.

"शिवण आतून असली की काचते तिला," आत्या म्हणाली.

माकडवाला गेल्यावर माझं डोकं फिरलं. "मग शिवतेस कशाला? पाप आहे गं हे!"

"मी नाही शिवलं तर तो गोणपाटाचं घालील. घातलंच होतं मागे."

 

सोनार, शिंपी, कुलकर्णी आप्पा, यांची संगत नको रे बाप्पा, असं आपल्याकडे म्हणतात. पण आत्यानं कुठल्या गिऱ्हाइकाला कधी 'उद्या या' म्हटलं नव्हतं. एकालाच म्हणत होती, आणि तो पोटचा पोरगा. त्याला पहिल्यांदाच मैदानात उतरायचं होतं आणि बंडी आईच्याच हातची हवी होती. आज कापूस दमट, उद्या मशीन अडतंय, परवा चष्मा सापडत नाही. चष्मा डोक्यावर!

"आई, लढत रविवारी आहे."

"मग पुढच्या वेळी उतर."

"बाबा उतरलेच ना?"

"विचार की त्यांना. डावीकडून विचार."

आतोबा डावा कान आमच्याकडे करून बटणं लावत बसले होते. ते आमच्याकडे बघून गोड हसले, म्हणजे त्यांना काही ऐकू गेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी बाजारात निघालो. चौकात ही गर्दी. माकडवाल्यानं माकडिणीच्या तोंडाला बाहुलीचा मुखवटा बांधला होता. गुलाबी गाल, आणि न मिटणारे रंगवलेले डोळे. आधी तिनं छोटी सायकल चालवली. मग त्यानं तिच्या हातात एक काडी दिली आणि स्वतः काठी घेतली. काठीबहाद्दरांची नक्कल! तो हाणायचा, ती पडायची, उठायची, पुन्हा पडायची. लोक पोट धरून हसत होते. अशीच एकदा उठता उठता ती आमच्याकडे वळली. हातातली काडी टाकली, आणि आत्याकडे तोंड करून दोन्ही हात वर केले.

लोकांना तो खेळच वाटला. टाळ्या पडल्या. साखळीला हिसका बसला तरी तिचे हात खाली येईनात. आत्यानं माझा दंड घट्ट धरला, "चल इथून," म्हणाली, आणि भाजी न घेताच आम्ही परत फिरलो.

घरी पोरगा टेबलाजवळ वाट बघत होता. "आई, शेवटचं विचारतो. शिवत नसलीस तर मित्राची जुनी घालून उतरतो. विरलीये ती, पण चालेल." आणि तिनं टेप हातात घ्यायच्या आत त्यानं दोन्ही हात वर केले.

आत्या मटकन खुर्चीत बसली. मग उठली. करते काय? गोणपाटाचं उत्तर आता तिच्याच गळ्यात आलं होतं. तिनं माप घेतलं. बंडी शिवली ती सगळी शिवण बाहेरून, मूठमूठ कापूस भरून, आणि कॉलर अशी उंच की कान पार झाकून जावेत.

"ही काय कॉलर? लोक हसतील ना गं!"

"हसू देत. हसण्यानं कान जात नाही."

रविवारी तो मैदानात उतरला तेव्हा अंगात बंडी होती, कॉलर नव्हती. कापून टाकली होती, आईच्याच कात्रीनं. आत्याला ते लांबूनच दिसलं. "अरे, कॉलर!" ती ओरडली. त्या गोंगाटात कोण ऐकतो?

लढत मी पाहिली असं म्हणवत नाही. आत्याच्या पाठीमागे तोंड लपवून ऐकली. काठी कानावर बसते तेव्हा वेगळाच आवाज येतो, ओला. तो पडला, उठला. पुन्हा पडला, उठला. अगदी तस्साच. शेवटी समोरचा गडी पडला तो उठलाच नाही. आमचा पोरगा जिंकला. मधोमध उभं राहून त्यानं दोन्ही हात वर केले आणि लोकांनी मैदान डोक्यावर घेतलं.

ते हात खाली येईचनात. आम्ही धावत जवळ गेलो. डाव्या कानातून रक्त गळ्यापर्यंत आलेलं, डोळे उघडे आणि आरपार कुठेतरी लागलेले. आईला ओळखलं की नाही, देव जाणे.

"झालं का गं माप?" म्हणाला.

"झालं, बाळा," आत्या म्हणाली. "कर खाली." आणि तिनंच एकेक हात धरून खाली केला.

परवा टेलरकडून आले आणि तिला फोन लावला. कसा आहे विचारलं.

"बरा आहे. कान काही आला नाही. त्याचीही खुर्ची बापाजवळ लावून घेतली. एका हाकेत दोघांचं काम होतं," ती म्हणाली आणि स्वतःच हसली. मला हसू येईना.

मग म्हणाली, "माकडवाला आला होता गं. तुमचा पोरगा जी घालून जिंकला तशी बंडी हिलाही हवी म्हणाला, खेळात घालायला. दिली शिवून. चांगली उंच कॉलर लावलीये. ती बाई थोडीच कापणार आहे?"