साडेतीन तोळ्यांचा बाण

किस्से कसे साठतात ते मला तिरंदाजीच्या क्लबात कळलं. ऑक्टोबरमध्ये नेम चुकून पाचोळ्यात गेलेला बाण तुम्ही तासभर शोधता, तो सापडत नाही. मार्चमध्ये दुसराच बाण शोधायला जाता आणि हा पायाखाली येतो! तसंच हे. परवा मी घरात चष्मा शोधत होतो आणि एकदम रॉन आठवला. रॉनमागे वसंता, वसंतामागे पॅम, आणि पॅममागे तिचा तो काळाकुट्ट चहा.

आता आम्ही लंडनमध्ये एजवेअरला मुलीजवळ राहतो. त्याआधी पस्तीस वर्षं साउथहॅम्प्टनला होतो, मी तिथे संख्याशास्त्र शिकवायचो. खाली सांगतोय त्यात तपशिलाची एखादी चूक असेलही. कुठल्याच गोष्टीची शंभर टक्के खात्री देता येत नाही, हेच तर पस्तीस वर्षं मुलांना शिकवलं!

* * *

निवृत्त झाल्यावर मी घरात नुसत्या येरझारा घालायचो. वसंता नागपूरचा, हाडांचा सर्जन, माझ्या वर्षभर आधी निवृत्त झालेला. एका रविवारी तो गाडी घेऊन दारात हजर. "चल बे प्रोफेसर, शिकारीला!"

शिकार म्हणजे काय, तर शहराबाहेर अर्ध्या तासावर एक ओकचं रान आणि त्यात उभी केलेली फोमची जनावरं. या देशात धनुष्यबाणाने खरी शिकार करायला कायद्याने बंदी आहे. त्यामुळे अस्वल फोमचं, रानडुक्कर फोमचं. सगळ्यात मोठा मूस, म्हणजे कॅनडातलं ते घोड्याहून उंच, फावड्यासारख्या शिंगांचं हरीण, तोही फोमचाच. वसंताने त्याचं नाव ठेवलं होतं 'थोरले'.

त्या दिवशी क्लबच्या शेडमध्ये वाद चालला होता: अस्वलासाठी बाण किती वजनाचा हवा? एक पक्ष म्हणे हलका, कारण तो वेगात आणि सरळ जातो. दुसरा म्हणे जड. हळू जाईना का, पण आत शिरतो, हाडाला लागला तरी थांबत नाही. तास झाला, आवाज चढले. शेवटी क्लबची सेक्रेटरी पॅम, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, किटली खाली ठेवून म्हणाली, "जंटलमेन, ते अस्वल आपण विकत आणलं तेव्हाच मेलेलं होतं!"

पुढच्या रविवारी वाद पुन्हा तिथूनच सुरू.

* * *

या वादात एकच माणूस कधी बोलत नसे. रॉन. आयुष्यभर त्याने गोदीत क्रेन चालवलेली, वय सत्तरीच्या पुढे. लाकडी बाण हाताने घडवायचा. क्लबातल्या निम्म्या लोकांच्या भात्यात त्याचेच बाण.

वसंताला एकदा हलक्या बाणांचं वेड लागलं. जितका हलका तितका वेग, म्हणून त्याने कुठून तरी काडीसारखे बाण मागवले. रॉनने एकदा नुसती नकारार्थी मान हलवली. वसंताने ताणून बाण सोडला, तो खरंच दिसलासुद्धा नाही! पण धनुष्य कडकन तडकलं, वरपासून मुठीपर्यंत.

रॉनने ते तुकडे उचलले, बोट फिरवून पाहिलं आणि म्हणाला, "जोर कुठेतरी जाणारच ना, डॉक्टर. बाणाने उचलला नाही, तर धनुष्याला उचलावा लागतो."

वसंता मला हळूच म्हणाला, "माणूस क्रेनवर होता की विद्यापीठात बे?"

* * *

रॉनचा मुलगा कॅनडात होता. तिथे परवाना काढून धनुष्याने मूसची शिकार करता येते. रॉनला ती करायची होती. आयुष्यात एकदाच. "मांस तर रोज खातो," तो म्हणाला. "एकदा तरी स्वतः मारून बघावं, की आपल्याला ते झेपतं का."

अडचण खांद्याची. ऑपरेशन वसंतानेच केलेलं. पूर्वी रॉन साठ पौंडांच्या ताणाचं धनुष्य ओढायचा, आता जेमतेम पन्नास. जोर कमी, म्हणजे बाणाचं वजन चुकून चालणार नव्हतं. फार हलका घेतला तर तो बरगडीशी अडकणार आणि ते जनावर अंगात बाण घेऊन दिवसेंदिवस जंगलात फिरणार. फार जड घेतला तर तो वाटेतच खाली उतरणार, छातीऐवजी पोटात लागणार. हाल तेच.

"प्रॉफ, तू आकड्यांचा माणूस," रॉन म्हणाला. "वजन तू सांग. मी वाद घालणार नाही."

जन्मभर मी आकडे दिले, पण त्यांतल्या एकानेही कुणाला रक्त आलेलं नव्हतं.

तीन आठवडे खपून मी बावीस पानांचं टिपण केलं. आलेख, तक्ते आणि शेवटची चार पानं नुसत्या शंकांची. रॉनने ते ओळ न् ओळ वाचलं, हे विशेष. पुढच्या रविवारी कडेला पेन्सिलीच्या खुणा केलेलं ते बाड त्याने परत दिलं. "फार सुंदर लिहिलंयस," म्हणाला. "आता यातला कुठला बाण मी सोडू?"

* * *

बाणाचं वजन ग्रेन या चिमुकल्या इंग्रजी मापात मोजतात. क्लबातला इलेक्ट्रॉनिक काटा दमट हवेने कायम आजारी. एकच बाण तीनदा ठेवला की तीन वजनं! माझ्यासारख्याने कशावर विश्वास ठेवायचा?

माझे वडील सांगलीला सराफ होते. त्यांचा सोनं तोलायचा तराजू, पितळी वजनं आणि गुंजांची डबी मी जाईन तिथे बरोबर नेत आलोय. गुंज म्हणजे ती लाल, काळ्या ठिपक्याची बी. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. सहज ताळा घेतला, तर एका तोळ्याचे बरोबर एकशेऐंशी ग्रेन!

मी तराजू शेडमध्ये नेऊन टांगला. एका पारड्याखाली दोऱ्याच्या फासात बाण आडवा लटकवायचा, दुसऱ्यात तोळे-मासे. वाऱ्याने पारडं हलू नये म्हणून पॅम उठून दार लावायची. तोलताना कुणी श्वास सोडायचा नाही, हा नियम मी घातला. म्हणजे वडिलांचाच. महिन्याभरात त्या इंग्रजांच्या तोंडी तोळे बसले. "माझा सव्वादोन तोळे!" "माझा पुरे तीन!" सांगलीच्या पेढीवर बसल्यासारखं वाटायचं. डोळे मिटले की वडिलांच्या शर्टाला येणारा शेगडीच्या धुराचा वास यायचा.

घरी आल्यावर मी उत्साहाने बायकोला, कुमुदला सांगितलं, रॉनसाठी साडेतीन तोळ्यांचा विचार चाललाय. ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, चाळीस वर्षांत मला कधी विचारलं नाहीत, किती तोळ्यांचं हवंय ते!"

* * *

साडेतीन तोळ्यांचा बाण किती आत जातो ते बघायला रॉनने नमुन्याचा एक बाण थोरल्यांवर सोडला. तो इतका रुतला की निघेचना. पॅम म्हणाली, थांबा, साबण आणते. वसंताला धीर कुठला! त्याने थोरल्यांच्या बरगडीवर पाय रोवला. "हाडं ओढण्यात जिंदगी गेली बे माझी," म्हणाला आणि दिला हिसका. बाण निघाला. थोरलेही निघाले, आख्खे वसंताच्या अंगावर!

मनगट मोडलं. वसंताने वीस वर्षं ज्या हॉस्पिटलात लोकांची मनगटं जोडली, तिथेच मी त्याला घेऊन गेलो. त्याची जुनी विद्यार्थिनी आता तिथे कन्सल्टंट होती. तीच समोर फॉर्म घेऊन बसली. "कशाने झालं, सर?"

"मूस अंगावर पडला."

तिचं पेन थांबलं. "सर... इथे, हॅम्पशरमध्ये?"

"लिही," वसंता म्हणाला. "आणि पेशंट पूर्ण शुद्धीवर होता, असंही लिही!"

* * *

साडेतीन तोळे आत शिरतात, एवढं त्यातून सिद्ध झालं. मी रॉनला सांगून टाकलं: साडेतीन. पण वीस पावलांच्या आतूनच. पंचविसाव्या पावलाला हा बाण वीतभर खाली उतरतो.

"मग वीसच," रॉन म्हणाला. आणि त्या दिवसापासून तो जिथे जाईल तिथे अंतर जोखू लागला. पार्किंगमध्ये, पोस्टात, बसस्टॉपवर. पॅमला तो सुपरमार्केटात दिसला, दुधाच्या कपाटाकडे तोंड करून मागे मागे सरकताना. ती जवळ गेल्यावर त्याने खुलासा केला, "अठरा पावलं. दूध मेलं असतं."

इकडे माझी अवस्था सांगण्यासारखी नव्हती. मंगळवारी वाटलं, तीन तोळेच बरे. फोन केला. बुधवारी वाटलं, पावणेचार. फोन केला. गुरुवारी पुन्हा साडेतीनवर आलो आणि का आलो ते सांगायला फोन केला. रॉनने सगळं ऐकून घेतलं. "प्रॉफ, मी पिसं चिकटवतोय. गोंद वाळतोय. फोन ठेव."

वसंताने माझी समजूत घातली, प्लॅस्टरमधल्या हाताने चहा ढवळत. "ऑपरेशनच्या वेळी मला शंका यायच्या नाहीत असं वाटतं का तुला? रोज यायच्या. पण मी आत गेलो की त्या बाहेर बसायच्या, पेशंटच्या नातेवाइकांबरोबर!"

माझ्या शंकांना मात्र बाहेर बसायची सवयच नव्हती.

* * *

रॉन सहा बाण घेऊन कॅनडाला गेला, त्याला तीन आठवडे झाले. त्याचा फोन नाही, निरोप नाही. जंगलात रेंज नसते हे मला कळत होतं. पण मला दिसत होता तो मूस. ओल्या रानातून चालतोय आणि त्याच्या कुशीत माझा आकडा रुतलाय. रविवारी मला शेडमध्ये येरझारा घालताना पाहून पॅम म्हणाली, "बस जरा! माझ्या नवऱ्याने तिसऱ्या बाळंतपणालासुद्धा इतक्या फेऱ्या मारल्या नव्हत्या."

त्या शेडमध्ये आता बहुतेक कुणीच नसेल. रानाचा करार संपला, क्लब विखुरला, थोरले कुठे गेले ठाऊक नाही. पॅम बहिणीकडे राहायला गेली. वसंता फोनवर असतो, 'काय बे' म्हणायला. रॉन वारला, त्यालाही दोन हिवाळे झाले. कधी कधी वाटतं, रविवारी दहाला मी तिथे गेलो तर किटली अजून गरम असेल.

पण एक सांगायचं राहिलंच.

* * *

त्या वेळी चौथ्या रविवारी रॉन कॅनडाहून परत आला. वाळला होता, दाढी वाढली होती. पॅमने चहाचा मग पुढे केला, तो त्याने नुसता हातात धरला. वसंता म्हणाला, "काय बे रॉन?" एवढं मराठी रॉनला येत होतं.

"सहा दिवस काहीच नाही," रॉन म्हणाला. "सातव्या दिवशी सकाळी आला. सतरा पावलांवर."

त्याने हातातला मग एकदा फिरवला.

"चाळीस पावलं चालला. मग खाली बसला. गाय बसते ना, तसा. मी जवळ जाईपर्यंत संपलं होतं."

वसंताने साबूत हात माझ्या पाठीवर ठेवला. तेव्हा मला कळलं की मी श्वास धरून बसलो होतो.

रॉनने कापडी पिशवीतून एक बाण काढला. आरपार जाऊन पलीकडच्या शेवाळात पडलेला. त्याने तो पुसला नव्हता. पिसं वाळलेल्या रक्ताने काळपट होऊन एकमेकांना चिकटली होती.

"तोल," तो म्हणाला.

पॅमने उठून दार लावलं. मी बाण फासात अडकवला, समोरच्या पारड्यात साडेतीन तोळे ठेवले. पारडं बाणाच्या बाजूने खाली गेलं. मी एक गुंज टाकली. तरी खालीच. दुसरी टाकली. तराजू हलला, डुलला आणि स्थिर झाला.

"दोन गुंजा जास्त भरतोय," मी म्हणालो.

रॉनने चहाचा मग खाली ठेवला. जाड बोटांनी पारड्यातल्या त्या दोन लाल बिया जपून उचलल्या, तळहातावर घेऊन पाहिल्या आणि कोटाच्या आतल्या खिशात टाकल्या.

"साडेतीन तोळे तुझे, प्रॉफ," तो म्हणाला. "या दोन माझ्या."