गेणबाच्या रानातला चर

रामहरीतात्या तसा वाईट माणूस नव्हता. गुऱ्हाळ लागलं की वाटसरूच्याही हातावर गुळाचा खडा ठेवायचा. पाण्यापाशी मात्र त्याची मूठ उघडायची नाही.

बारामतीच्या खाली कालव्यावर त्याचा आठ एकर ऊस होता. त्याच्या खालच्या अंगाला गेणबाचं चार एकर. पाण्याची चारी दोघांत एकच. तात्याची पाळी संपली की त्यानं आपल्या बांधाचं तोंड बुजवायचं, मग पाणी गेणबाकडं उतरायचं. तात्या बुजवायचा, पण सवडीनं. कधी चार तास उशिरा, कधी गेणबाची पाळीच संपल्यावर.

"तात्या, माझा ऊस वाळतोय की वं," गेणबा बांधावर येऊन म्हणायचा.

"जरा दम काढ. माझ्याच मुळाला अजून वल न्हाय."

एकतीसच्या उन्हाळ्यात गेणबाचा ऊस उभ्यानं वाळला. तो त्यानं बैलांना घातला आणि पुन्हा ऊस म्हणून लावला नाही. ज्वारी पेरू लागला. तात्याला वाईट वाटलं. दोन दिवस वाटलं, खोटं कशाला बोला! मग गेणबाचं उरलंसुरलं पाणीही तो बिनघोर घेऊ लागला.

तीन वर्षांनी तात्याच्या रानाचा एक कोपरा पांढरा पडला. ऊस तिथं गुडघाभरही वाढेना. तात्यानं काय करावं? आणखी पाणी सोडलं. अडतीस साल उजाडेपर्यंत पाच एकर चोपण झालं, खारवटून नापीक. हातभर उकरलं की खाली खारं पाणी.

"पाणी जिरून साचलंय," शेतकी खात्याचा माणूस म्हणाला. "ओढ्यापर्यंत चर काढा. नाहीतर उरलेलंही जाईल."

ओढा गेणबाच्या रानापलीकडं होता.

तात्या तीन दिवस घरातच बसला. शेवटी बायकोनं, लीलाबाईनं, त्याला बाहेर काढलं. "पाय धराय लागलं तर धरा, पर जावा."

गेणबानं सगळं ऐकून घेतलं. रानात उतरला, चार पावलं टाकली. "हितनं मधनं काढा. उतार चांगला हाय."

"तुझं रान चिरलं जाईल की रं."

"आन न्हाय काढला तर? आज तुमचं पांढरं झालं, उद्या माझं हुईल. बांधानं काय अडतंय व्हय?"

त्यानं चार शिव्या दिल्या असत्या तर तात्याला सोसल्या असत्या. हे सोसेना.

बारा दिवस दोघं खांद्याला खांदा लावून खणत होते. तेराव्या दिवशी चर वाहू लागला. गेणबाचा तहानलेला बैल पुढं झाला, पाण्याला नाक लावलं आणि तोंड फिरवून मागं सरला.

इतक्या वर्षांत तात्याच्या रानातून गेणबाच्या रानात धड उतरलेलं हे पहिलं पाणी.

"येडं हाय त्ये," गेणबा म्हणाला आणि बैलाला ओढ्याकडं घेऊन गेला. तात्याला मान वर करवली नाही.