दोष पाण्याचा

समोर बसलेल्या बाईचे केस ताई मानेपाशी उचलायच्या, बाजारात मासळीचा कल्ला उघडून बघतात तसे. दोन बोटांत थोडे चोळायच्या आणि पहिला प्रश्न विचारायच्या, "पाणी कुठला?"

केस गळत असोत, पिकत असोत, नाहीतर नुसते रुसलेले असोत, प्रश्न तोच. समोरची विहिरीचं म्हणो, नळाचं म्हणो की बोअरचं, त्या मान हलवायच्या. "मग बरोबर. पाण्याचा दोष."

रत्नागिरीत आमच्या गल्लीच्या टोकाला, स्वतःच्या घराच्या पडवीत त्यांचं पार्लर होतं. आम्ही मोठी माणसं त्यांना ताई म्हणायचो, मुलं मावशी म्हणायची. माहेर बंदराजवळचं. लहानपणी आईच्या मासळीच्या पाटीशेजारी बसून मोठ्या झालेल्या, त्यामुळे आवाज तिथलाच. पडद्याआड कोणाची भुवई चालू आहे ते रस्त्यावरच्या माणसाला कळायचं. एकदा एक सासू आपल्या सुनेला घेऊन आली. तेल लावायच्या आळसामुळे हिचे केस झडले, अशी तक्रार. ताईंनी दोघींचेही केस उचलून पाहिले, दोघींनाही पाणी विचारलं आणि दोघींना सांगितलं, "विहीर उपसून घ्या." सासू पुटपुटत पण सुनेशी बोलत परत गेली. तुमच्याही गल्लीत अशी एखादी बाई असेल. नसेल तर शोधा.

मी पुरुषमाणूस. आंब्याच्या कॅनिंगच्या कारखान्यात स्टोअर सांभाळतो. आवक आणि जावक जुळल्याशिवाय माझा पाय घराकडे वळत नाही. पार्लरशी माझा संबंध यायचं कारण नव्हतं. तो आला आमच्या मुलीमुळे, मधुरामुळे.

मधुरा तेव्हा कॉलेजात होती. केस कमरेपर्यंत. पुतण्याचं लग्न पंधरवड्यावर आलं होतं आणि तिला केसांना कॅरॅमल रंग हवा होता. एका दुपारी आई बचत गटाच्या बैठकीला गेलेली पाहून तिने व्हिडिओ लावला आणि बाथरूममध्ये स्वतःच ब्लीच केलं. संध्याकाळी ती डोक्याला टॉवेल गुंडाळून चहाला आली. बायकोने टॉवेल ओढला.

मुळांशी हळदीसारखा पिवळा, मध्ये नारिंगी आणि खाली काळपट. "तीन रंग आहेत," मी म्हटलं. दोघींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी चहाचा कप घेऊन मागच्या पडवीत गेलो.

"कापून टाक," बायको म्हणत होती. "खांद्यापर्यंत. लग्नात माणसं नवरीला सोडून हिलाच बघत बसतील."

"तुझ्या मेंदीमुळे झालंय हे," मधुरा रडत म्हणाली. "दर महिन्याला थापतेस. मेंदीवर ब्लीच केलं की असंच होतं, व्हिडिओखाली लिहिलंय."

"मग ते आधी वाचायचंस."

ती मेंदी म्हणजे साधी गोष्ट नव्हती. मधुरा शाळेत असल्यापासून महिन्यातल्या एका रविवारी बायको लोखंडी कढईत चहाच्या पाण्यात मेंदी भिजवायची आणि अंगणात बसवून तिच्या केसांना लावायची. घरातल्या सगळ्या गप्पा त्या रविवारी व्हायच्या. तीच मेंदी आता गुन्हेगार ठरली होती. त्या संध्याकाळपासून दोघींचं बोलणं माझ्यामार्फत सुरू झालं.

"बाबा, आईला सांगा मला भूक नाही."

"तिला सांगा, कोणी विचारलं नव्हतं."

तीन माणसांच्या घरात असा कारभार फार चालत नाही. तिसऱ्या दिवशी मी दोघींना घेऊन ताईंकडे निघालो. बायको पुढे, मधुरा तोंडाला ओढणी बांधून मागे, मधे मी. दोघी पडद्याआड गेल्या आणि मी बाहेरच्या बाकावर बसलो. ऐकू येण्याची अडचण तिथे नव्हतीच.

"काय गो बाय, डोक्यावर सरडा बसवलास काय?" ताईंचा आवाज. मग खुर्ची करकरली. केस उचलणं चालू असावं. "पाणी कुठला?"

"बोअरचं," दोघी एकदम म्हणाल्या.

"मग बरोबर. जांभ्या दगडातला पाणी. लोखंड असता त्यात. ब्लीचला लोखंड चालत नाय."

"म्हणजे मेंदीमुळे नाही?" बायकोने विचारलं.

"मेंदी काय करता बिचारी."

"पण मावशी, मी ब्लीच जरा जास्त वेळ ठेवलं होतं," मधुरा हळूच म्हणाली.

"पाणी चांगला असता तर रात्रभर ठेवून पण काय झाला नसता."

हे शास्त्र मला बाकावर बसल्या बसल्या खटकलं. पण आत कोणीतरी नाक पुसलं आणि कोणीतरी खुर्ची जवळ ओढली, म्हणून मी गप्प राहिलो.

"कापायचे का?" बायको.

"कापायचे कशाला? टोका तेवढी काढते. बाकी केस मी वाचवते. पण घाई करायची नाय."

घाई त्यांनी खरंच केली नाही. पुन्हा ब्लीच अजिबात नाही, पिवळ्याला गडदच करत न्यायचं, असं ठरलं. कानामागची एक बट घेऊन आधी तिच्यावर तपकिरी रंग लावून पाहिला. बट हिरवट झाली. "शेवाळ धरला," म्हणून त्या स्वतःच हसल्या आणि दुसऱ्या दिवशी या म्हणाल्या. रात्री त्यांनी मुंबईच्या मैत्रिणीला फोन लावून विचारलं, हे त्यांनीच आम्हाला सांगितलं. दुसऱ्या दिवशी पिवळ्या भागाला आधी तांबूस रंग पाजला आणि मग मुळापासून टोकापर्यंत तपकिरी. मधे दोन दिवस नुसतं खोबरेल. शेवटी नारिंगी पट्टा जिथे डोकावत होता, तिथे पुन्हा एक हात. केस तुटू नयेत म्हणून कंगवासुद्धा त्या स्वतः फिरवत, कोणाला हात लावू देत नसत.

निघताना त्यांनी बायकोला बजावलं, "वहिनी, आता लग्नापर्यंत नळाचा पाणी. आणि ही एकटी धुणार नाय. हिला वाकवून बसवायची, तुम्ही तांब्यानं ओतायचा. एकटीनं धुतला तर रंग पट्ट्यापट्ट्यानं उतरता."

आमच्याकडे तेव्हा नळ नव्हता. ताईंच्या नळाला सकाळी पाणी यायचं, ते मी कॅनमध्ये भरून स्कूटरवरून आणायचो. पहिल्या दिवशी मागच्या अंगणात मधुरा पाटावर वाकून बसली. बायकोने तांब्या भरला. मी कॅन धरून उभा.

"डोळे मीट," बायको म्हणाली.

"मिटलेत."

"अजून वाक. कानात जाईल."

"गेलं."

"मग मगाशी वाकायचं."

मधुरा वाकलेलीच हसायला लागली. कॅन रिकामा झाला तरी त्या दोघी तिथून उठल्या नाहीत. मी कॅन घेऊन आत आलो.

लग्नात मधुराचे केस भाजलेल्या कॉफीच्या रंगाचे होते, एकसारखे आणि कमरेपर्यंत. एका मावससासूने, पूर्वी हिचे केस अगदी काळेभोर होते ना, असं विचारलं. तेव्हा बायको शांतपणे म्हणाली, "आमच्याकडचं पाणी वाईट हो."

इथे मी थांबायला हवं होतं. पण स्टोअरमध्ये फरक आला तर तो कुठल्या नोंदीतला आहे हे सापडेपर्यंत मला चैन पडत नाही. मी बोअरचं पाणी बाटलीत भरून कारखान्याच्या प्रयोगशाळेत नेलं. तिथल्या केमिस्टने तपासून सांगितलं, लोह आहे, पण केसांचं असं व्हावं इतकं नाही. मग त्याने मेंदीबद्दल विचारलं. लोखंडी कढई म्हटल्यावर तो हसून म्हणाला, लोखंड तिथूनच आलं.

तीच बाटली घेऊन मी ताईंकडे गेलो. त्या दोरीवर टॉवेल वाळत घालत होत्या.

"ताई, पाण्यात तेवढं लोह नाही. तपासून आणलं."

"बरा. मग कशानं झाला म्हणता?"

"मेंदीने. आणि त्यावर ब्लीचने."

"म्हणजे आई नायतर पोर."

मी जरा घुटमळलो. "हो, तसंच."

"मेंदी मला मानेपाशीच कळली, भावोजी." त्यांनी टॉवेलला चिमटा लावला. "पण तसा सांगितला असता तर दोघींमधली एक रडत घरी गेली असती, आणि दुसरी जिंकून. पाण्याला बोललेला चालता. पाणी उलटून बोलत नाय."

मी बाटलीचं झाकण घट्ट केलं.

"ती घरी दाखवू नका," त्या म्हणाल्या. "आणलाय तर जास्वंदीला घाला. तिला आवडता लोखंड."

मी बाटली त्यांच्या जास्वंदीच्या मुळाशी ओतली. फरक सापडला होता आणि तो कोणाच्याही नावावर टाकायचा नव्हता. हिशेबाची ही रीत मला कोणी शिकवली नव्हती.

गेल्या वर्षी त्यांच्या मुलाला दापोलीत नोकरी लागली आणि त्या तिकडे गेल्या. निघायच्या दिवशी आम्ही तिघं भेटायला गेलो. मधुराचे केस त्यांनी सवयीने उचलून पाहिले आणि सोडले. मग माझ्या टकलाकडे बघून म्हणाल्या, "तुमचा मात्र पाण्याचा दोष नाय, भावोजी." बायको पदर तोंडाला लावून हसली आणि नंतर त्याच पदराने तिने डोळे पुसले. आता त्या पडवीत भाडेकरूची मोटरसायकल असते. पडद्याची दांडी अजून आहे.

आमच्याकडे नळ आला. पाणी चांगलं आहे, हे मला माहीत आहे.

परवा मधुरा पुण्याहून सुट्टीला आली होती. आंबोळ्यांचं पीठ तिने वाटलं, तवा आईने सांभाळला. पहिली आंबोळी तव्याला धरून बसली, दुसरी फाटली. बायकोने पिठाकडे पाहिलं, मधुराने तव्याकडे. मी ताट घेऊन बसलो होतो.

"पाणी कुठला?" मी विचारलं.

"नळाचं," दोघी एकदम म्हणाल्या.

"मग बरोबर," मी म्हटलं, आणि ती फाटलेली आंबोळी ताटात वाढून घेतली.