वांग्यावरून अमेरिका

पौषातला रविवार. रक्कम एक लाख बासष्ट हजार, दोन तिकिटांची, जाऊन-येऊन. स्थळ धुळ्यातलं देवपूर, अक्काचं घर. हजर: माझी थोरली बहीण म्हणजे अक्का, तिचे यजमान म्हणजे आमचे भाऊजी, माझी बायको आणि मी. आम्ही जळगावहून भरताची पाच किलो हिरवी वांगी घेऊन गेलो होतो.

अक्काची लेक न्यूजर्सीला असते. तिला चार महिन्यांची मुलगी आहे. अक्काने ती अजून फोनवरच पाहिलेली. दोघांच्या तिकिटांचा हा भाव एजंटाने सोमवारपर्यंतच धरून ठेवला होता आणि एवढे पैसे नक्की किती अंतराचे, यावर भाऊजी अडून बसले होते.

भाऊजींची सगळी नोकरी एसटीच्या तिकीट खिडकीत झाली. गाडी कुठलीही असो, त्यांचा पहिला प्रश्न, "व्हाया कुठून?" मी मोबाइलवर मुंबई ते न्यूजर्सीचं विमानाचं अंतर काढून दिलं. साडेबारा हजार किलोमीटर. पण खालच्या नकाशावर रेघ सरळ नव्हती. ती कमानीसारखी रशियाच्या वरून गेली होती.

"हे बघा," भाऊजी म्हणाले. "धुळ्याहून जळगावला जायला चोपड्यावरून वळसा घालून नेतात, तसंच हे आणि वाढीव टप्प्यांचे पैसे आपल्याकडून."

तोंडी हिशोबावर माझा विश्वास नाही. भिंतीवर भाचीचा शाळेतला जगाचा नकाशा होता. मी दोरा धरून सरळ मोजलं, खालच्या प्रमाणाने गुणलं. साडेसोळा हजार भरले. पुन्हा मोजलं, तेवढेच.

"सरळ साडेसोळा आणि वळसा घालून साडेबारा?" भाऊजी खूश झाले. "ज्यांना अंतर नीट सांगता येत नाही, त्यांच्या विमानात मी बसत नाही."

"मोजा अजून," बायको मला म्हणाली. "तिसऱ्यांदा मोजलंत की अक्कांचं जाणं कायमचं रद्द."

अक्का वांग्यांना तेल लावत होती. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की नकाशा सपाट आहे आणि पृथ्वी गोल. वांग्यांतलं सगळ्यात गोल मी उचललं. देठ म्हणजे उत्तर ध्रुव. मुंबईला एक टाचणी, मागच्या अंगाला अमेरिकेची दुसरी. दोरा आडवा धरून मापला. मग ताणला, तर तो आपोआप देठाकडे सरकला आणि बोटभर उरला.

भाऊजींनी स्वतः दोनदा ताणून पाहिला. "वरूनच जवळ पडतं," ते हळूच म्हणाले. "पण वांगं टोचून खराब केलं तुम्ही."

"टोचावं लागतंच, नाही तर भाजताना फुटतं," अक्का म्हणाली. "आणा इकडे. बठ्ठा हिशोब तुमनाच शे, सगळा तुमच्याच हातात. मी नातीला बघायला जाऊ की नको, तेवढं सांगा."

भाऊजींनी टाचण्या काढल्या आणि देठावर बोट ठेवलं. "वर थंडी असेल," म्हणाले. "दोन स्वेटर घे."

सोमवारी भाऊजींनी एजंटाला एक लाख बासष्ट हजार रुपये चेकने दिले. शिवाय खिडकीच्या एका जागेचे अठराशे रोख, अक्कासाठी.